मागून हलकी गाडी: विल्होळीच्या एका गोदामातल्या फोर्कलिफ्टचं प्रकरण

नाशिकचा पाथर्डी फाटा सोडून मुंबईच्या दिशेनं निघालं की विल्होळीच्या आसपास महामार्गाच्या कडेनं गोदामं लागतात. त्यातल्या एका गोदामात देखभाल आणि सुरक्षा अशी दोन्ही कामं माझ्याकडे होती. माल शेतीचा. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, २५ किलोच्या बॅगा, नत्र-स्फुरद-पालाश यांच्या टक्क्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या: एकोणीस-एकोणीस-एकोणीस, झिरो-बावन्न-चौतीस, तेरा-झिरो-पंचेचाळीस. द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणीची लगबग सुरू झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या दुकानदारांच्या गाड्या दारात रांग लावतात. तिथून पुढचे दोन महिने गोदामात कुणाला उसंत नसते.

त्या वर्षी नेमक्या सप्टेंबरच्या मध्यावर आमच्या दोन फोर्कलिफ्टपैकी एकीचा कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, गेला. सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. कंपनीनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या आपल्याच गोदामातून एक गाडी ट्रेलरवर चढवून पाठवली. २ टनी, बॅटरीवर चालणारी, चार चाकी, साइड शिफ्टर (काटे डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) बसवलेली. तिथे तिला फारसं काम नव्हतं, पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी होती. मॅनेजर सरांनी मला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी रॅकमध्ये हवी होती.

गाडीत मोठा बिघाड नव्हता आणि कुणाला इजाही झाली नाही. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आमची चेकशीट पूर्ण भरलेली होती, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होती, आणि तसं असूनही ती गाडी त्या मालासाठी धोक्याची होती.

पहिला दिवस

उभ्या राहिलेल्या गाडीची तपासणी रोजच्या तपासणीपेक्षा वेगळी असते. रोज चालणारी गाडी बिघडायला लागली की आवाजातून, तेलाच्या डागातून काहीतरी सांगते. ताडपत्रीखालची गाडी गप्प असते. म्हणून मी आमच्या ऑपरेटर मामांना सोबत घेतलं. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी फोर्कलिफ्ट चालवली आहे. गोदामात सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही.

सुरुवात काट्यांपासून केली. फोर्कचा काटा सर्वांत जास्त झिजतो तो टाचेशी, म्हणजे उभा भाग वळून आडवा होतो तिथे, कारण घाईत काटा जमिनीवर घासत नेण्याची सवय बहुतेकांना असते. आयएसओ ५०५७ या मानकानुसार टाच मूळ जाडीच्या १० टक्के झिजली की काटा बाद करायचा. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. जाडी नऊदशांश राहिली की ताकद ०.८१ उरते, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. मूळ जाडी उभ्या भागावर मोजायची, कारण तिथे झीज होत नाही. आमची तिथे ४० मिलिमीटर भरली. टाचेला डावा काटा ३८.२, उजवा ३७.६. हद्द ३६ ची. दोन्ही टोकांच्या उंचीतला फरकही मर्यादेत होता. भेगांसाठी टाच वायर ब्रशनं घासून, डाय पेनिट्रंट (भेगांत शिरून त्या दाखवणारा रंग) मारून पाहिली. स्वच्छ निघाली.

काटे उचलणाऱ्या चेनची अवस्था मात्र बरी नव्हती. खताची भुकटी हवेतली ओल खेचते आणि ती ओल लोखंडाला खाते. चेनचे काही दुवे इतके गंजले होते की पुलीवरून जाताना वळत नव्हते, ताठ राहत होते. लांबी मोजली: २० पिचची (पिच म्हणजे दोन पिनांमधलं अंतर) मूळ लांबी ३१७.५ मिलिमीटर, आमची भरली ३२०. ३ टक्के वाढ ही बदलण्याची हद्द, म्हणजे सुमारे ३२७. चेन टिकाऊ होती, फक्त जाम झाली होती. इथे एक चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे: चेनला वरून ग्रीस थापतात. ग्रीस पिनेपर्यंत पोचत नाही, उलट भुकटी धरून ठेवतं. आम्ही चेन धुऊन वाळवली, ब्रशनं पातळ तेल मुरवलं, मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा उभा सांगाडा, रिकामा दहा-बारा वेळा वरखाली केला आणि ताठ दुवे मोकळे झाले का ते एकेक करून पाहिलं. मास्ट हलत असताना कुणाचा हात मधे जाऊ नये म्हणून मामा सीटवर आणि मी काट्यांपासून दूर, असं ठरवूनच काम केलं. मास्टच्या पट्ट्यांमध्ये बोट गेलं तर परत येत नाही.

हायड्रॉलिक होजवर एका ठिकाणी ओल दिसली. सोबतचा शिकाऊ मुलगा लगेच बोट लावायला गेला, मामांनी त्याचा हात धरला. दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही कातडीत शिरतं. जखम ठिपक्याएवढी दिसते आणि आतून बोट सडतं. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्यानं. होज बदलला. आमच्याकडे या गळतीचं आणखी एक भय आहे: तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते स्वतः जळत नाही पण दुसऱ्याच्या जळण्याला प्राणवायू पुरवतं. तेलानं भिजलेली अशी बॅग कोपऱ्यात पडून राहणं कुठल्याच गोदामाला परवडणारं नाही.

ब्रेक, हँडब्रेक, हॉर्न, रिव्हर्स बझर, दिवे, सीटबेल्ट, सीटवरून उठलं की गाडी थांबवणारा स्विच, ओव्हरहेड गार्डचे बोल्ट, चाकांचं सॉलिड रबर. हे सगळं तासाभरात झालं आणि ठीक निघालं.

मग सीटखालचं झाकण उचललं. आत लिथियमची बॅटरी होती. जुनी लेड-ॲसिड काढून दोन वर्षांपूर्वी बसवलेली. चेकशीटवर बॅटरीचे पाच रकाने होते: चार्ज, केबल, कनेक्टर, पाण्याची पातळी, ॲसिडची घनता. शेवटचे दोन लिथियमला लागू नाहीत, मी तसं लिहिलं. बॅटरी खोक्यापेक्षा लहान होती, आणि ती हलू नये म्हणून दोन बाजूंना लाकडी ठोकळे ठोकून बसवले होते. मला वाटलं, ट्रेलरवरच्या प्रवासासाठी कुणीतरी केलेली सोय असेल. तेवढं मनात आलं आणि मी पुढे गेलो.

त्या ठोकळ्यांपाशी मी थांबायला हवं होतं.

मामांचं म्हणणं

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी फिरवून पाहायची होती. मामांनी डॉकपासून मागच्या भिंतीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, आठाच्या आकड्यात वळवली, फरशीच्या जोडावरून मागे घेतली आणि माझ्यासमोर आणून उभी केली.

"साहेब, गाडी मागून हलकी लागतेय."

मी विचारलं, म्हणजे काय होतंय?

"जोडावरून रिव्हर्स घेतली की मागचं चाक धप्पकन बसायला पाहिजे. ते उडतंय. आपली दुसरी गाडी बसते, ही उडते. तुम्ही बसून बघा."

बसून पाहिलं. मला फारसा फरक कळला नाही. मॅनेजर सर आले होते, ते म्हणाले, "मामा, हिचं पॉवर स्टिअरिंग नवं आहे, हात हलका लागणारच." बोलणं चुकीचं नव्हतं. मामांनी मान हलवली, पण गाडीतून उतरून चावी माझ्या हातात दिली. वाद घातला नाही, गाडीही पुढे नेली नाही.

त्यांच्या बोलण्यामागे यंत्राची पक्की समज होती. फोर्कलिफ्ट म्हणजे तराजू. पुढचा धुरा हा टेकू, एका पारड्यात माल, दुसऱ्या पारड्यात गाडीचं स्वतःचं वजन. बॅटरीच्या गाडीत त्या दुसऱ्या पारड्यातलं मोठं ओझं बॅटरीच असते. मागून हलकी याचा अर्थ दुसरं पारडं हलकं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, मामांना कमरेतून. मी झाकण पुन्हा उचललं, आणि यावेळी रकान्यांकडे न बघता ठोकळ्यांकडे बघितलं.

नेमप्लेटवर शेवटच्या ओळीत, जिथे सहसा कुणी नजर टाकत नाही, लिहिलं होतं: बॅटरीचं वजन किमान ८२० किलो. लिथियमच्या खोक्यावरच्या पट्टीवर: ३७० किलो.

आमच्या अंगणात ट्रकसाठी वजनकाटा आहे. गाडी त्यावर चढवली, मामांना उतरवलं. नेमप्लेटप्रमाणे बॅटरीसकट वजन ३,८७० किलो हवं होतं. काट्यानं दाखवलं ३,४२०. नेमके ४५० किलो गायब.

लेड-ॲसिड काढून हलकी लिथियम घालताना फरकाचं वजन लोखंडी पाट्यांच्या रूपात बॅटरीच्या खोक्यात बोल्टनं बसवायचं असतं. बॅलास्ट म्हणतात त्याला. या गाडीत त्याच्या बोल्टची भोकं होती, पाट्या नव्हत्या. त्यांच्या जागी लाकूड होतं.

४५० किलोचा हिशेब

मॅनेजर सरांचा पहिला प्रश्न मला रास्त वाटला: "गाडी २ टनी आहे, आपलं पॅलेट दीड टनाचं. अर्धा टन हातात असताना ४५० किलोनं काय बिघडतं?"

याचं उत्तर कागदावर मांडून दिलं. आमचं पॅलेट (माल रचायचा फळ्यांचा पाट) १,२०० बाय १,००० मिलिमीटरचं, त्यावर ५ बॅगांचे १२ थर, म्हणजे ६० बॅगा, १,५०० किलो. २ टन हा आकडा लोड सेंटर (काट्याच्या पाठीपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) ५०० मिलिमीटरवर असताना आणि मास्ट ठराविक उंचीपर्यंतच असताना. आमच्या रॅकमध्ये काटे पॅलेटच्या लांबीतून जातात, म्हणून मालाचा मध्य काट्याच्या उभ्या पाठीपासून ६०० वर येतो. त्यात साइड शिफ्टरचं वजन आणि रॅकचा वरचा बीम, म्हणजे पॅलेट टेकतं ती आडवी पट्टी. या सगळ्यासाठी नेमप्लेटवर वेगळी ओळ होती: ६०० मिलिमीटर लोड सेंटर, ४,५०० मिलिमीटर उंची, १,५०० किलो. म्हणजे वरच्या बीमवर आमचं पॅलेट आधीच कडेवर उभं होतं. हातात राखीव असं काहीच नव्हतं.

आता गेलेल्या वजनाचं बघू. बॅटरीचा मध्य पुढच्या धुऱ्यापासून साधारण ७५० मिलिमीटर मागे. ४५० गुणिले ७५०, सुमारे ३ लाख ३७ हजार. पुढच्या बाजूला धुऱ्यापासून काट्याच्या पाठीपर्यंत ४२० आणि तिथून मालाच्या मध्यापर्यंत ६००, मिळून १,०२०. भागाकार येतो ३३० च्या आसपास. मागचे ४५० किलो काढणं म्हणजे पुढे ३३० किलो जास्तीचा माल चढवणं. १,५०० च्या मर्यादेवर तराजूच्या दृष्टीनं १,८३०.

हा ढोबळ हिशेब आहे, त्यावरून कुणी गाडीची क्षमता ठरवू नये. पण प्रश्न किती मोठा आहे ते त्यातून कळतं. आणि तो फक्त पुढे कलंडण्यापुरता नव्हता. गाडी उभी राहते ती दोन पुढची चाकं आणि मागच्या धुऱ्याची मधली खीळ या तीन बिंदूंच्या त्रिकोणावर. मागची चाकं दोन दिसली तरी धुरा त्या खिळीवर झुलतो. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणात असेपर्यंत सगळं सुरक्षित. बॅटरी खाली आणि मागे असते. ती हलकी झाली की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि वरही. त्रिकोण मागे निमुळता असल्यामुळे पुढे सरकणं आडव्या तोलाला एरवी चालून जातं, पण मध्य उंच गेला की वळणावर कडेला पडायला वेळ लागत नाही.

मामांनी रिकामी गाडी चालवली तेव्हा काहीच झालं नाही. सपाट फरशीवर, माल जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर धरून, सावकाश चालवली असती तर महिनोन्महिने काहीच झालं नसतं. हेच मला सर्वांत जास्त बोचतं. आमच्याच चाचणीत, १ टन माल घेऊन, ती व्यवस्थित थांबली असती. मास्टचा माल खाली सरकतो का ते पाहायची चाचणीही ती पास झाली असती. मग कधीतरी ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी सातला, पाचव्या ट्रकच्या वेळी, वरच्या बीमवर पॅलेट ठेवताना कुणीतरी टिल्ट, म्हणजे मास्टचा कल, थोडा जोरात पुढे केला असता.

थांबवणं

सर रागावले नाहीत, पण अडले. बाहेर तीन ट्रक होते. त्यांनी सुचवलं, "पॅलेटवर ४० बॅगा लावू. एक टन. खालच्याच बीमवर ठेवू. पाट्या येईपर्यंत भागेल."

मी त्यावर विचार केला, लगेच नकार दिला नाही. हिशेबानं पाहिलं तर एक टन, खालचा बीम, सपाट फरशी, यात गाडी पडायचं कारण दिसत नव्हतं. पण दोन गोष्टी आड येत होत्या. एक, किमान वजनाची बॅटरी नसेल तर नेमप्लेटवरचे आकडे त्या गाडीचे राहतच नाहीत, आणि नवे आकडे ठरवण्याचा अधिकार गाडी बनवणाऱ्याचा, माझ्या कागदाचा नाही. दुसरी गोष्ट आमच्या फरशीवरची. पॅलेट लावतात माथाडी कामगारांची टोळी. बारा थर त्यांच्या हाताला बसलेले आहेत, मोजायला लागत नाहीत. आठ थरांवर थांबायचं हे सकाळच्या टोळीला सांगितलं तरी दुपारची टोळी बारा लावणार, आणि ऑपरेटर खालून थर मोजत बसणार नाही. ज्या मर्यादेचं पालन पाच जणांच्या आठवणीवर अवलंबून आहे तिच्यावर मी सही करू शकत नव्हतो.

मी गाडीच्या स्टिअरिंगला लाल टॅग लावला, चावी माझ्या कपाटात ठेवली, बॅटरीचा कनेक्टर सोडवून त्याला कुलूप घातलं. सरांना म्हटलं, तुम्ही लेखी सांगितलंत तरी मी टॅग काढणार नाही, वाटल्यास वरच्या ऑफिसला फोन लावा. त्यांनी लावला. पलीकडून बोलणाऱ्यांनी विचारलं, तपासणी पूर्ण झाली आहे ना? सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "झाली आहे, आणि गाडी नापास आहे." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

भाड्याची एक गाडी नाशिकच्याच अंबडहून संध्याकाळी मिळाली. तोवर दोन हँड पॅलेट ट्रक आणि टोळीच्या खांद्यांवर काम चाललं. ओव्हरटाइमचे पैसे गेले, दोन दुकानदार रागावून बोलले.

फरशी

गाडी अडकलेली असताना एक चांगलं झालं, जागेकडे बघायला वेळ मिळाला. गाडी सुरक्षित करायची आणि ती चालणारी वाट तशीच सोडायची, याला माझ्या मते तयारी म्हणता येत नाही. डॉकच्या तोंडाशी फुटलेल्या बॅगांची भुकटी पावसाच्या हवेनं पाझरून चिकट झाली होती, त्यावर ब्रेक मारला तर सॉलिड टायर घसरतो. ती खरवडून धुतली आणि फुटलेली बॅग त्याच क्षणी उचलण्याची जबाबदारी डॉकवरच्या एकाकडे दिली. मागच्या बाजूला रॅकच्या कोपऱ्यावर माणसं आणि गाडी एकमेकांना दिसत नव्हती, तिथे गोल आरसा लावला. चालण्याचा पिवळा पट्टा पुसून गेला होता तो पुन्हा मारला. डॉककडच्या उतारावर माल असताना चढताना तोंड वर, उतरताना रिव्हर्समध्ये, म्हणजे माल कायम चढाकडे, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, पण भाड्याच्या गाडीच्या ऑपरेटरला नव्हता. मामांनी त्याला हाताला धरून दाखवला.

शिकाऊ मुलाला त्या दिवसांत मामांनी एकच काम दिलं. रोज सकाळी दोन्ही गाड्यांच्या नेमप्लेट मोठ्यानं वाचायच्या, सगळ्या ओळी. तिसऱ्या दिवशी तो मला येऊन म्हणाला, "साहेब, आपल्या जुन्या गाडीच्या प्लेटवर साइड शिफ्टरचा उल्लेखच नाही, पण गाडीला तो आहे." खरं होतं. साइड शिफ्टर नंतर बसवला होता आणि प्लेट बदलायची राहून गेली होती. चार वर्षं आम्ही सगळे त्या प्लेटसमोरून जात होतो. कंपनीकडून नवी प्लेट मागवली, आणि ती येईपर्यंत त्या गाडीला वरचा बीम बंद केला. इथे मी लेखी मर्यादा घातली, कारण बीमला साखळी लावता येते, कुणी काही लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

चेकशीटवर पाण्याची पातळी आणि ॲसिडची घनता हे दोन रकाने खोडून त्यांच्या जागी दोन आकडे लिहायची जागा केली: नेमप्लेटवरचं बॅटरीचं किमान वजन, आणि बॅटरीवर छापलेलं वजन. खूण चालणार नाही, आकडाच लिहायचा. बरोबरची खूण सवयीनं होऊन जाते. आकडा लिहायला मात्र वाकून बघावं लागतं.

पाट्या

त्या ४५० किलोचं काय झालं, हे दुसऱ्या गोदामाला फोन केल्यावर कळलं. गेल्या उन्हाळ्यात बॅटरीचा एक सेल दुरुस्तीला काढायचा होता, तेव्हा पाट्या सोडवल्या होत्या. ६०० बाय ५०० च्या, ५० मिलिमीटर जाड, चार नग, प्रत्येकी ११० किलोच्या वर. परत बसवायला क्रेन लागणार होती, ती त्या दिवशी मिळाली नाही. मग पावसाळा आला. गेटजवळच्या गटारावरचं झाकण तुटलं होतं, हँड पॅलेट ट्रकचं चाक अडकायचं. कुणीतरी चारही पाट्या तिथे टाकल्या. बरोबर बसल्या.

त्या चिखलातून काढून, घासून, रंग मारून नाशिकला आल्या. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरनं त्या बोल्टनं बसवल्या, टॉर्क मारला (बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळले), बॅटरीला ठोकळ्यांऐवजी लोखंडी पकड दिली आणि नव्या नोंदीवर सही केली. पुन्हा वजनकाट्यावर घातली: ३,८७०. १,५०० किलो घेऊन जमिनीलगत ब्रेक, मग वरच्या बीमपर्यंत सावकाश, टिल्ट मागे, थांबून दहा मिनिटं, मास्ट किती सरकतो ते खडूनं खूण करून पाहिलं.

त्यानंतर मामा रिकामी गाडी घेऊन फरशीच्या त्याच जोडावर गेले आणि तिथून रिव्हर्स घेतली. मागचं चाक धप्पकन बसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तसेच पहिलं पॅलेट उचलायला डॉककडे गेले.